गोणीमागे एक मूठ

केयूर सर कॉफी पीत नसत, ओढत. चमचा ओठांना लावायचा, एकदम हवा आत घ्यायची, अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल असा सुर्र्र आवाज काढायचा, तोंडभर घोळवायची आणि मग शेजारच्या स्टीलच्या पिकदाणीत पचकन थुंकायची. चव पारखायची हीच जगभरची रीत आहे, असं त्यांनी शकुताईंना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. असेल बापडी. शकुताईंचं म्हणणं एवढंच, की जगभर ती पिकदाणी धुतं कोण, तेही कुणीतरी सांगावं. विक्रोळीत ती त्या धूत.

ते त्यांचं काम नव्हतं. त्या सरांच्या 'ओंजळ कॉफी'च्या गोदामाच्या इन्चार्ज होत्या. म्हणजे आलेल्या गोण्या मोजायच्या, तोलायच्या, वहीत आवक लिहायची, भाजून पाकिटं भरली की जावक लिहायची आणि खाली सही करायची. भाजणारा एक आणि पाकिटं भरणाऱ्या दोघी सोडल्या, तर गोदामात इन्चार्ज होण्याजोगं दुसरं कुणी नव्हतंच. बाकीची मंडळी अंधेरीच्या कॅफेत. तिथे कॉफीचा वास, इथे तागाचा आणि धुराचा.

ओंजळमध्ये येण्याआधी शकुताईंनी दोन गल्ल्या पलीकडच्या औषधांच्या कारखान्यात वीस वर्षं काढली होती. तिथे आलेल्या प्रत्येक मालातला थोडासा बाजूला काढून ठेवत. बाटलीत भरायचा, झाकणावर पट्टी, पट्टीवर तारीख आणि आडवी सही. पुढे गोळी खाऊन कुणाला काही झालं, तर ती बाटली उघडायची आणि दोष कुणाचा ते बघायचं. कंट्रोल सॅम्पल म्हणत त्याला. कारखाना गेला, जागेवर काचेची इमारत आली, शकुताईंची खोड तेवढी राहिली. ओंजळमध्ये त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तरी प्रत्येक गोणी उघडली की मूठभर बी बाटलीत जायची. बाटल्या जॅमच्या, मधाच्या, लोणच्याच्या, कन्नमवारनगरातल्या अख्ख्या बिल्डिंगीतून गोळा केलेल्या.

"माका एक सांग," त्यांचे यजमान मधुकर विचारत, "ह्या वर्षी लोणचां घालूचां की नाय? बरणी म्हणान एक घरात रवली नाय."

ओंजळचं सगळ्यात खपाऊ पाकीट म्हणजे 'चिखलदरा'. चिखलदऱ्यापलीकडच्या सालईखेड्यात एकोणीस शेतकऱ्यांचा गट. कुणाचं अर्धा एकर, कुणाचं पाऊण, सावलीत कॉफी, फवारणी नाही, रासायनिक खत नाही. गटाकडे आणि ओंजळकडेही सेंद्रिय मालाचं प्रमाणपत्र, वर ओंजळचं न्याय्य भावाचं वचन. पाकिटावर एका म्हाताऱ्याचा फोटो. सुरकुत्या, पांढऱ्या मिशा, हातात टोपली. खाली लिहिलेलं: 'खंडूकाका. बारा वर्षं याच मातीत.' अंधेरीतल्या बायका पाकीट उचलून त्या सुरकुत्यांकडे अशा बघत, की जणू काकांची तब्येत विचारायचीच राहिली.

आता हिशेब. तो शकुताईंना कुणी मागितला नव्हता, पण त्यांच्या डोक्यात हिशेब आपोआपच होत असे. सालईखेड्याहून गेल्या वर्षी आल्या चोवीस गोण्या, पन्नास किलोच्या. भाजताना सहावा हिस्सा उडतो. राहिली हजार किलो. पाव किलोची पाकिटं झाली चार हजार. चिखलदऱ्याची लेबलं छापून आली होती बारा हजार, आणि जानेवारीत कपाटात उरली होती चाळीस.

मधल्या जवळजवळ आठ हजार पाकिटांत काय गेलं हेही शकुताईंना ठाऊक होतं, कारण त्या गोण्यासुद्धा त्यांनीच मोजून घेतल्या होत्या. एका व्यापाऱ्याकडून, कुठल्या मळ्यातली त्याचं नाव नाही, अशी बाजारातली कॉफी. गोण्या अठ्ठेचाळीस. केयूर सर तिला 'बॅलन्सिंग लॉट' म्हणत. शकुताई आवकेच्या पानावर तसंच लिहीत: बॅलन्सिंग लॉट, गोण्या इतक्या. आणि जावकेच्या पानावर, सर सांगत तसं: चिखलदरा, सेंद्रिय, पाकिटं इतकी. खाली सही.

पहिल्यांदा सही केली त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं. दुसऱ्यांदा गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी वर ताक घेतलं. आपल्या या ताकाचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त शिसारी आली.

जानेवारीच्या एका गुरुवारी सर आणि त्यांची मार्केटिंगवाली निधी दोघंही गोदामात आले. असं सहसा होत नसे. निधीच्या पांढऱ्या बुटांना गोदाम मानवत नसे.

"शकुताई, वाट लागलीय," निधी म्हणाली. "दुबईच्या हॉटेलवाल्यांनी आपलं चिखलदरा लॅबमध्ये टेस्ट केलं. किडीवर मारतात ना, ते औषध सापडलंय."

सरांनी दोन कप मांडले, चमचा उचलला. "गटातल्या कुणीतरी गडबड केली," ते म्हणाले. "सॅड आहे, पण होतं असं."

"कुठल्या गटातल्या?" शकुताईंनी विचारलं.

"कुठल्या म्हणजे? आपला एकच गट आहे ना."

"आहे ना. चोवीस गोण्यांपुरता."

सुर्र्र. सरांनी कॉफी तोंडात घोळवली, घोळवली, जितका वेळ घोळवता येईल तितका वेळ घोळवली. मग थुंकले आणि ओठ टिपले.

"शकुताई, सोमवारी इन्स्पेक्शन आहे. प्रमाणपत्रवाले येतायत. आपली लाइन क्लिअर आहे, आपण व्हिक्टिम आहोत. शेतकऱ्यांवर विश्वास टाकला, एकाने तोडला. गटाचं तसं लेटर आलं की विषय संपला. तुम्ही फक्त वही जरा नवीन करून घ्या. जुनीचे कोपरे बघा कसे झालेत. बॅलन्सिंग लॉट दुसऱ्या ब्लेंडखाली टाकून द्या."

"आणि लेटर कोण देणार?"

"भाऊरावांना बोलावलंय शनिवारी. सत्कार आहे त्यांचा."

शकुताई "बघते" म्हणाल्या. हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना वाटलं, पिकदाणी जवळच आहे, आपणही थुंकावं.

भाऊराव म्हणजे सालईखेड्याच्या गटाचे सेक्रेटरी. शकुताईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ओळखीचा होता. गोण्या पोचल्या की फोन यायचा. "बाई, वजन बराबर भरलं नं?" भरलं म्हटलं की तिकडे सुटकेचा श्वास ऐकू येई. जणू वाटेत गोणीनेच थोडं खाल्लं असतं.

शनिवारी सकाळी अंधेरीच्या कॅफेत त्या शिक्का आणि वही घेऊन पोचल्या, तेव्हा निधी एका चष्मा लावलेल्या, खिशाला पेन असलेल्या गृहस्थाला भगवा फेटा बांधत होती.

"भाऊराव, चष्मा काढाल ना? फोटोपुरता."

"काढतो. पण मंग मले माणसं दिसनार नाई," गृहस्थ म्हणाले. "आन हा फेटा, ताई, आमच्याकडं नवरदेव बी बांधत नाई."

"खूप ऑथेंटिक दिसताय!"

शकुताईंनी पुढे होऊन आपलं नाव सांगितलं. भाऊरावांनी फेट्यासकट वाकून नमस्कार केला. "आवाजावून मोठ्या वाटल्या होत्या," ते म्हणाले, आणि दोघंही हसले.

वीसेक गिऱ्हाइकं होती. खुर्च्या, माइक, मागे खंडूकाकांचा दरवाजाएवढा फोटो. एका बाईंनी विचारलं, तुम्ही झाडांशी बोलता का?

"बोलतो नं," भाऊराव म्हणाले. "रानडुक्कर शिरलं का मंग तं लय बोलतो."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग सरांनी भाऊरावांनी पिशवीतून आणलेली नव्या हंगामाची कॉफी भाजून, दळून, सगळ्यांसमोर चमच्याने ओढली. सुर्र्र. घोळवली. थुंकली. "ब्युटिफुल!"

भाऊराव त्या पिकदाणीकडे बघत राहिले. मग हळूच शकुताईंकडे झुकले. "बाई, वाईट लागली काय?"

"नाही हो. चांगली लागली तरी थुंकतात."

"आन वाईट लागली तं?"

"तरी थुंकतात."

"मंग साहेब गिळते काय?"

"ते आत गेल्यावर कळेल," शकुताई म्हणाल्या.

आत म्हणजे कॅफेच्या मागची खोली. पाकिटांचे खोके, एक टेबल, चार खुर्च्या. शकुताईंना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, शिक्का त्यांच्याकडे. सरांनी आधी भाऊरावांच्या गळ्यात शाल घातली, मग समोर कागद ठेवला. दोन पानी, मराठीत टाइप केलेला. निधीने पेन उघडून हातात दिलं.

"फॉर्मॅलिटी आहे," सर म्हणाले. "एका मेंबरकडून चूक झाली असं लिहिलंय. त्याला आपण काही शिक्षा करणार नाही, फक्त रेकॉर्डला. तुमच्या यंदाच्या गोण्या किती तयार आहेत?"

"सव्वीस, साहेब."

"सगळ्या उचलतो. सर्टिफाइड म्हणून नाही जमणार, सध्या साध्या भावाने. पण उचलतो. आपण फॅमिली आहोत."

भाऊरावांनी फेटा काढून टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागले. अर्ध्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी तीच ओळ परत वाचली. मग खांदे हलायला लागले. शकुताईंना वाटलं, माणूस रडतोय. माणूस हसत होता.

"सभासद क्रमांक चौदा, श्री. खंडू, यांनी फवारनी केली," त्यांनी मोठ्याने वाचलं. "खंडू? साहेब, खंडू तं जीपवाला हाय!"

सरांनी कागद स्वतःकडे ओढून ती ओळ बघितली.

"अवो, तुमचा फोटोवाला आला होता नं, त्याले चिखलदऱ्यावून घेऊन आलेली जीप खंडूचीच. फोटोवाल्यानं आमाले एकोणीस जणाईले रांगेत उभं केलं. कोणाचा चष्मा, कोणाचं पोट, कोणाची टेरिकॉटची पँट. एक बी पसंत पडला नाई. खंडू जीपले टेकून बिडी पीत होता. थो पसंत पडला. टोपली माह्या घरची हाय. खंडूच्या घरी तुळस जगत नाई, कॉफी कुठून जगंन?"

निधीने खोक्यातलं एक पाकीट उचललं आणि खंडूकाकांकडे बघितलं. "पण हे फार्मर आहेत," ती म्हणाली. "पॅकवर आहेत ना."

"आन चौदा नंबर," भाऊराव डोळे पुसत म्हणाले, "थे माही माय हाय. ऐंशी वर्साची. पंप पाठीवर घेतला तं पंपासकट उलटी होईन."

शकुताईंना कळायला वेळ लागला नाही. दोषी ठरवायला एक नाव हवं होतं. चार वर्षं ज्यांचा माल घेतला त्या एकोणीस माणसांतलं या दोघांना भाऊराव सोडून एकही नाव माहीत नव्हतं. तेव्हा त्यांनी आपल्याच पाकिटावरून नाव उचललं. स्वतः छापलेली थाप स्वतःच खरी धरून चालले होते. हसू यायला हवं होतं. शकुताईंना ते आलं नाही.

सर ओशाळले असते, तर कदाचित पुढचं काही घडलंही नसतं. सर ओशाळले नाहीत. त्यांनी पेनाने खंडूवर काट मारली.

"ओके. खंडू कॅन्सल. भाऊराव, मग तुम्हीच सुचवा. एकोणीस आहेत. कुणाचं घालू या?"

भाऊरावांचं हसू गेलं. ते टेबलाकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन. शकुताईंनी आयुष्यभर मोजणारी माणसं पाहिली होती, ओठ हलले की त्यांना कळायचं. हा माणूस आपल्या गावातली माणसं मोजत होता, आणि त्यातलं कुठलं काढलं तर कमी दुखेल ते बघत होता. ते एकोणिसापर्यंत गेले. परत एकवर आले.

"माहं घाला," भाऊराव म्हणाले. "बाकीच्याईले साध्या भावात तरी माल जाईन नं?"

"ग्रेट," सर म्हणाले. "दॅट्स लीडरशिप."

भाऊरावांनी पेन टेकवलं तेव्हा शकुताईंना बोलायचं नव्हतं. त्यांना बोलल्यावर कळलं.

"भाऊराव, पान उलटा."

"शकुताई," सर म्हणाले.

"उलटा आणि दुसरा परिच्छेद वाचा. मला इथून उलटं दिसतंय, तरी कळतंय."

भाऊरावांनी पान उलटलं. 'गटाच्या अंतर्गत देखरेखीत गंभीर त्रुटी असल्याचे आम्ही मान्य करतो. संपूर्ण गटाचे प्रमाणपत्र रद्द झाल्यास आमची हरकत नाही.' त्यांनी ते दोनदा वाचलं. रद्द झालं की प्रमाणपत्रासाठी पुन्हा पहिल्यापासून, पुरी तीन वर्षं. एकट्याचं नाव देऊन ते एकोणीस जणांना बुडवायला निघाले होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन निधीच्या समोर ठेवलं, गळ्यातली शाल काढली आणि तिची व्यवस्थित घडी घातली.

"शकुताई, हे तुमचं डिपार्टमेंट नाही," सर म्हणाले. आवाज अजून गोडच होता.

"माल माझं डिपार्टमेंट आहे."

"मग एक लक्षात ठेवा. जावकेच्या प्रत्येक पानावर सही तुमची आहे. माझी एकही नाही."

"माहितीय," शकुताई म्हणाल्या. "पिकदाणीसुद्धा मीच धुते."

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांनी रिक्षा थांबवली. भाऊराव म्हणाले, मी जातो दादरला, गाडी बघतो. "गाडी नंतर," शकुताई म्हणाल्या, "आधी माझ्याबरोबर विक्रोळीला चला. ओझं आहे."

गोदामातल्या मांडणीवरच्या बाटल्या सगळ्यांनी पाहिलेल्या होत्या. निधीने तर गेल्या दिवाळीत त्यांचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला होता: 'आमच्या शकुताईंचा खजिना.' पाचशे जणांनी बदाम दिले होते. त्यात काय आहे हे कुणीही विचारलं नव्हतं. आता मात्र सरांना आठवण झाली असती, आज नाही तर उद्या. तीन पिशव्या आणि एका खोक्यात गेल्या वर्षाच्या बहात्तर बाटल्या बसल्या. बी घरी कशाला नेता असं भाजणाऱ्याने विचारलं, तर शकुताई म्हणाल्या, "यजमानांना लोणचं घालायचंय."

मधुकर दारातच उभे होते. पिशव्या आत येताना बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि बाटल्या भरलेल्या आहेत हे कळल्यावर विझला. "रिकाम्यो हाडतलंस म्हटलंय मी," ते म्हणाले. पण त्यांनी भाऊरावांसाठी पाट ठेवला आणि मासे चालतात का ते विचारलं. भाऊराव म्हणाले, आज काहीही चालंन.

जेवताना शकुताईंनी सगळं सांगितलं. अठ्ठेचाळीस गोण्या, बारा हजार लेबलं, आणि स्वतःची सही. सहीपाशी भाऊरावांचा घास थांबला.

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं."

"हो."

"मी फोन करत होतो तवा बी."

"हो."

भाऊरावांनी जेवण संपवलं, ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवलं. शकुताईंना वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर पचलं असतं.

रविवारी गोदामात, चार वर्षांत कधी नव्हे ती, साफसफाई झाली. सोमवारी शकुताई पोचल्या तर मांडणी धुऊन पुसून लख्ख होती. सरांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, समाधानाने. टेबलावर नवीन कोरी वही होती आणि शेजारी निळं पेन.

तपासणीला आलेल्या सुलक्षणा मॅडम चाळिशीच्या, सुक्या चेहऱ्याच्या. कॉफी नको, पाणी माझं आहे. सरांनी दहा मिनिटं विश्वासाबद्दल सांगितलं, गटाचं लेटर दोन दिवसांत येतंय म्हणाले. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि आवक-जावक मागितली.

शकुताईंनी पिशवीतून जुनी वही काढली. मग भाऊराव, जे इतका वेळ बाहेरच्या जिन्यात बसले होते, खोका घेऊन आत आले. पिशव्या आल्या. टेबल पुरेना, तेव्हा बाटल्या जमिनीवर मांडल्या. डावीकडे चोवीस, उजवीकडे अठ्ठेचाळीस. प्रत्येक झाकणावर पट्टी, पट्टीवर तारीख, गोणीचा नंबर, आडवी सही.

"ह्या सालईखेड्याच्या," शकुताई म्हणाल्या. "ह्या बाजारातल्या. आवकेची पानं खरी आहेत. जावकेची खोटी आहेत. सही दोन्हीकडे माझी आहे."

सर हसले. "मॅडम, हे लोणच्याच्या बाटल्या घेऊन..."

"लोणचं नाही दिसत," सुलक्षणा मॅडम म्हणाल्या. त्यांनी गुडघ्यावर बसून एक बाटली उचलली, पट्टी बघितली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या बॅलन्सिंग गोणीपासून."

मॅडमनी तेही लिहून घेतलं. शाबासकी वगैरे काही नाही. शकुताईंना त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं.

दीड महिन्याने लॅबचे निकाल आले. डावीकडच्या चोवीस बाटल्या साफ. उजवीकडच्या अठ्ठेचाळिसांपैकी एकतीस बाटल्यांत औषध. सालईखेड्याचं प्रमाणपत्र शाबूत राहिलं. ओंजळचं वर्षभरासाठी थांबवलं. आणि अहवालात शेवटी एक ओळ होती: खोट्या नोंदींवर सही करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे नोंदींचं काम पुन्हा देऊ नये. ओळ बरोबर होती. शकुताईंनी ती दोनदा वाचली, चूक सापडली नाही. सरांनी त्यांना काढलं नाही. 'ब्रेक घ्या' म्हणाले. फॅमिलीत काढत नाहीत.

भाऊरावांचा फोन यायचा, पण आता थोडक्यात. नागपूरच्या एका दुकानदाराने सहा गोण्या घेतल्या, गटाच्या भावाने. उरलेल्या वीस गोण्या घरात पडून होत्या. तिकडचा एक व्यापारी रोज येऊन गोण्यांना टेकून बसायचा, साध्या भावाला माल मागायचा.

"देऊ नका एवढ्यात," शकुताई म्हणायच्या.

"दम धरला हाय, बाई. पण गोण्याईले दम कुठं धरता येते? पावसात बुरशी धरंन."

एप्रिलमध्ये निधी कन्नमवारनगरात आली. पांढरे बूट दारात काढून, पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसली. मधुकरांनी चहा ठेवला. तिने बॅगेतून एक पाकीट काढलं, नमुन्याचं, अजून आत काही नसलेलं.

"शकुताई, सर म्हणाले, झालं ते झालं. आता आपण ऑनेस्टीवर जाणार आहोत. लोकांना तेच हवंय ना." तिने पाकीट पुढे सरकवलं.

पाकिटावर चित्र होतं. नऊवारी नेसलेली, नाकात मोठी नथ असलेली एक बाई, हातात बरणी. वर लिहिलेलं: 'शकुताईंची मूठ.' शकुताई जन्मात नऊवारी नेसल्या नव्हत्या. लग्नातसुद्धा नाही.

"ह्या कोण गो?" मधुकरांनी खांद्यावरून बघून विचारलं. "तुझी आजी?"

"प्रत्येक पाकिटाबरोबर एक छोटी बाटली," निधी सांगत होती. "त्यात मूठभर बी. सील केलेली, तुमच्या सहीची. सही आम्ही प्रिंट करू, तुम्हाला त्रास नाही. तुम्ही फक्त हो म्हणा आणि एक छोटा व्हिडिओ."

"बाटलीत कॉफी कुठली?"

"सोर्सिंग अजून फायनल नाही."

शकुताईंनी चहाचा कप खाली ठेवला. रागाने नव्हे. त्यांच्या डोक्यात वीस गोण्या होत्या आणि पावसाला उरलेले दिवस होते. तोंडाशी आलेला नकार त्यांनी परत गिळला आणि सौदा मांडला.

"हो म्हणते. माल सालईखेड्याचा, वीसच्या वीस गोण्या, गटाच्या भावाने, याच महिन्यात उचलायचा. आणि पाकिटाच्या मागे तीन आकडे. शेतकरी किती, गोण्या किती आल्या, पाकिटं किती गेली. दर महिन्याला नवीन छापायचे. मग नथसुद्धा घालते."

निधीने तिथूनच सरांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. पलीकडून सुर्र्र.

"शकुताई," सरांचा आवाज आला, "वीस गोण्यांचं बघू या, पुढच्या क्वार्टरला. पण आकडे... आकड्यांना डिझाइनमध्ये जागा नाही. स्टोरी मरते."

आणि मग पचकन आवाज. त्या पिकदाणीला आता शकुताईंचा हात लागणार नव्हता, एवढं एक चांगलं झालं होतं.

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या.

निधी गेली. चहा अर्धा टाकून गेली आणि ते पाकीट तिपाईवर विसरून गेली. मधुकर ते उचलून केराच्या डब्याकडे निघाले आणि मध्येच थांबले.

"अगो, मागे पण कोण तरी आसा."

शकुताईंनी पाकीट हातात घेतलं. आकड्यांना जागा नव्हती खरी. मागची सगळी जागा भरलेली होती. त्याच सुरकुत्या, त्याच पांढऱ्या मिशा, भाऊरावांच्या घरची तीच टोपली. बिडी पुसलेल्या जागी बोटं जरा वाकडी राहिली होती. खाली नवीन छापलेली ओळ:

'खंडूकाका. तेरा वर्षं याच मातीत.'